सांस्कृतिक भवन

सांस्कृतिक भवन : नाटक, संगीत, नृत्य, चित्रकला, व्याख्याने इ. कार्यक्रमांसाठी आणि त्यांच्या पूर्वतयारीसाठी एखाद्या गावाने, नगराने वा उपनगराने सामाईक वापराकरिता उभारलेली वास्तू किंवा वास्तुसंकुल. नाट्यगृह हा अशा भवनाचा प्रमुख घटक असतो. तथापि केवळ नाट्यगृह म्हणजे सांस्कृतिक भवन नव्हे. नाट्यगृहात प्रेक्षक प्रयोगापुरते येतात व प्रयोग संपताच परततात. सांस्कृतिक भवनात मात्र सकाळी तबल्याचा वर्ग, दुपारी चित्रांचे प्रदर्शन, सायंकाळी हौशी मंडळींची तालीम आणि रात्री नाट्यप्रयोग असा दिवसभराचा राबता अभिप्रेत असतो. महाराष्ट्रात नगरपरिषदा व महानगरपालिका यांनी बांधलेल्या अशा वास्तू सांस्कृतिक भवन, नाट्यमंदिर, रंगमंदिर अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जातात. गोव्यात मडगाव, साखळी, कुडचडे आदी ठिकाणी त्या ‘रवींद्र भवन’ या नावाने उभ्या आहेत. ‘कलाकेंद्र’ ही संज्ञा महाराष्ट्रात लावणी व संगीतबारीच्या थिएटरांना रूढ झाली असल्याने ती येथे योजिलेली नाही.

अशा वास्तूसंबंधी पहिला प्रश्न विचारला जातो तो आसनसंख्येचा. किती प्रेक्षक बसतील, यावरून भवनाची थोरवी ठरविण्याची प्रथाच पडून गेली आहे. वस्तुतः भवन वर्षभर गजबजलेले राहते की उद्‌घाटनानंतर काही वर्षांतच ओस पडते, हे प्रेक्षागृहापेक्षा त्याच्या अवतीभोवतीच्या दुय्यम मानल्या गेलेल्या कक्षांवर बव्हंशी अवलंबून असते. तालमीची जागा, रंगपट, नेपथ्यसामग्रीची कोठी, लहान सभागृह, स्वच्छतागृहे हे ते कक्ष होत. खर्चात काटछाट करण्याची वेळ आली की, प्रथम कात्री लागते तीही त्यांनाच. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्यांचे विवेचन अधिक विस्ताराने केले आहे.

पूर्वपीठिका : प्रयोगाच्या जागेइतकीच प्रयोगामागच्या जागेची आवश्यकता भारतीय परंपरेने फार पूर्वी ओळखली होती. भरताच्या नाट्यशास्त्रात विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे नाट्यमंडपाचे तीन आकार सांगितले आहेत. त्यांपैकी मध्यम विकृष्ट मंडपाची लांबी ६४ हात व रुंदी ३२ हात असावी, असे विधान आहे. एक हात सु. ४५ सेंमी. धरल्यास हे माप सु. २९ × १४·५ मी. भरते. या मंडपाचा अर्धा भाग प्रेक्षकांसाठी असून उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करून पुढचा रंगासाठी व मागचा नेपथ्यगृहासाठी राखलेला आहे. म्हणजे एकूण क्षेत्राचा चतुर्थांश भाग केवळ नटांच्या रंगभूषा-वेशभूषेसाठी व सिद्धतेसाठी दिलेला आहे. मंडप याहून मोठा केल्यास नटाचा आवाज अस्पष्ट होतो व मुखावरील भाव दिसत नाहीत, असा इशाराही त्याच ग्रंथात दिलेला आहे. आधुनिक भवनांच्या आराखड्यांत हे प्रमाण क्वचितच सांभाळलेले आढळते.

महाराष्ट्रात व गोव्यात सामुदायिक कलाव्यवहार दीर्घकाळ देवळाच्या सभामंडपात चालत असे. कीर्तन, भजन, दशावतार, उत्सवी नाटके यांना वेगळ्या वास्तूची गरज भासली नाही. एकोणिसाव्या शतकात व्यावसायिक नाटक मंडळ्यांचा उदय झाल्यावर तात्पुरते मांडव व खाजगी नाटकगृहे पुढे आली. कोल्हापूर येथे छत्रपती शाहू महाराजांनी बांधविलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याला संगीत रंगभूमीवरील गायक नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. त्याला लागूनच खासबागेचे कुस्त्यांचे मैदान आहे. नाटक आणि कुस्ती या दोन लोकप्रिय कलांची सोय शेजारीशेजारी करणारी ही योजना एक प्रकारे सामुदायिक संकुलाचीच पूर्वकल्पना म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपमध्ये लहान नगरांसाठी कलागृहे उभारण्याची चळवळ सुरू झाली. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातील ब्रिजवॉटर येथे १९४६ मध्ये असे एक केंद्र सुरू झाले. फ्रान्समध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री आंद्रे माल्रो यांच्या पुढाकाराने १९६१ पासून प्रांतोप्रांती ‘संस्कृतिगृहे’ स्थापन होऊ लागली. भारतात रवींद्रनाथ टागोर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, १९६१ च्या सुमारास, अनेक राज्यांच्या राजधान्यांत रवींद्र भवने व रवींद्र रंगमंच उभारण्यात आले. मुंबईचे प्रभादेवी येथील रवींद्र नाट्य मंदिर हे त्याच नाममालिकेतील होय. भोपाळ येथील भारत भवन (१९८२) हे रंगमंडळ, चित्र-शिल्पसंग्रह, काव्य व संगीत यांच्या स्वतंत्र विभागांमुळे एक वेगळा आदर्श ठरले.

प्रेक्षागृह व रंगमंच : नटाच्या चेहऱ्यावरील भाव साध्या डोळ्यांनी स्पष्ट दिसण्याची मर्यादा सु. २० मी. आहे, २५ मी. पलीकडे ते दिसेनासे होतात. यामुळे नाटकासाठी असलेल्या प्रेक्षागृहाची आसनसंख्या हजाराच्या पुढे नेणे सहसा हितकारक ठरत नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची आसनसंख्या हजाराच्या किंचित आतच आहे.

श्राव्यता हा प्रेक्षागृहाचा दुसरा निकष. ध्वनी उत्पन्न होणे थांबल्यानंतर तो ६० डेसिबलांनी क्षीण होण्यास जितका वेळ लागतो, त्यास निनादनकाल म्हणतात. अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून त्याचे सूत्र बसविले. दालनाच्या घनफळास (घ. मी.) ०·१६ ने गुणून एकूण ध्वनिशोषणाने (चौ. मी.) भागले असता निनादनकाल सेकंदांत मिळतो. संवादप्रधान नाटकाला सु. १ सेकंद, तर मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाला सु. २ सेकंद निनादनकाल योग्य समजला जातो. हजार आसनांच्या व ४,००० घ. मी. घनफळाच्या प्रेक्षागृहात प्रत्येक प्रेक्षक सु. ०·५ चौ. मी. शोषण करतो व भिंती-पडदे मिळून १४० चौ. मी. शोषण करतात, असे समजल्यास पूर्ण भरलेल्या गृहात निनादनकाल १ सेकंद येतो. परंतु खुर्च्या लाकडी वा पत्र्याच्या असतील आणि निम्मेच प्रेक्षक आले असतील, तर तो १·६ सेकंदांवर जातो व शब्दांचे शेवट एकमेकांत मिसळू लागतात. गादीच्या खुर्च्या ही या दृष्टीने चैन नसून रिकाम्या आसनाला प्रेक्षकाचे काम करावयास लावण्याची ती युक्ती आहे. [⟶ ध्वनिकी].

रंगमंचाबाबत दर्शनी कमानीच्या रुंदीचा विचार बहुधा केला जातो; दोन्ही बाजूंच्या विंगांचा मात्र केला जात नाही. विंगेत पुढच्या प्रवेशाचे सामान, प्रवेशास सिद्ध नट, रंगमंच-व्यवस्थापक व प्रकाशयोजनेची उपकरणे यांची एकाच वेळी दाटी असते. तिला प्रत्येक बाजूस कमानीच्या निम्म्याइतकी तरी रुंदी हवी. पडदे व नेपथ्याचे पट पूर्ण वर ओढून घ्यावयाचे असल्यास रंगमंचावरील छताची उंची कमानीच्या उंचीच्या सु. अडीचपट लागते. ही उंची बाहेरून बेढब दिसते म्हणून काही ठिकाणी ती कमी करण्यात आली व त्यामुळे पडदे गुंडाळण्यापलीकडे काही करता येईनासे झाले. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत व नाट्य केंद्रातील टाटा थिएटर (१९८०) ध्वनिविशारद सिरिल हॅरिस यांच्या साह्याने फिलिप जॉन्सन यांनी प्रामुख्याने भारतीय संगीताच्या मैफलींचा विचार करून रचले. अशी एकाच हेतूची वास्तू मोठ्या महानगराला परवडते. लहान नगराला परवडत नाही.

लहान नगरात एकच दालन नाटक, मैफल, सत्कारसमारंभ, विवाह आणि निवडणुकीची सभा या सर्वांसाठी वापरावे, असा आग्रह धरला जातो. त्यासाठी सपाट जमीन व हलविता येणाऱ्या खुर्च्या अशी रचना करतात. ती विवाहाला उत्तम. परंतु सपाट जमिनीवर पाचव्या-सहाव्या रांगेपासून पुढच्या प्रेक्षकाची डोकीच दिसतात आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज प्रयोगभर होत राहतो. शिवाय लग्नसराईत भाडे अधिक मिळत असल्याने चांगल्या तारखा समारंभांकडे जातात व नाटकवाल्यांना उरल्यासुरल्या मिळतात. भवनाचे हळूहळू मंगल कार्यालय होते. यावर उपाय म्हणून पायऱ्यांची चढती आसने असलेले मुख्य प्रेक्षागृह आणि सपाट जमिनीचे दुसरे मध्यम दालन अशी विभागणी करणे इष्ट होय. दोहोंची प्रवेशद्वारे निराळी असावीत व मध्ये कोठी, जिना यांसारखा ध्वनिरोधक पट्टा असावा. सनईचा सूर विंगेत ऐकू येऊ लागला, तर कोणत्याच समारंभाचे भले होत नाही.

तालीमखोल्या : सांस्कृतिक भवनातील सर्वांत उपेक्षित व सर्वांत आवश्यक कक्ष तालमीचा होय. नाटकाचा प्रयोग दोन-अडीच तास चालतो. त्याच्या तालमी महिना-दीड महिना चालतात. महाराष्ट्र राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू आहे, तसेच कामगार कल्याण मंडळाच्या व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही होतात. त्यांत भाग घेणाऱ्या बहुसंख्य हौशी संस्थांना स्वतःची जागा नसते. शाळेचा वर्ग सुटल्यानंतर बाके बाजूला सारून, कार्यालयाच्या उपाहारगृहात, देवळाच्या ओवरीत किंवा इमारतीच्या गच्चीवर त्यांच्या तालमी होत आल्या आहेत. स्पर्धेसाठी नाट्यगृह मिळते, पण तालमीला छप्पर मिळत नाही, अशी ही विपरीत स्थिती आहे. अडीचशे आसने कमी करून त्या जागी दोन तालीमखोल्या बांधल्यास नगराच्या कलाजीवनाला त्याचा लाभ अधिक होईल, असे म्हणण्यास हरकत नाही.

तालीमखोलीची मापे रंगमंचावरून ठरतात. नटांच्या हालचालीची जागा १० × ८ मी. असेल, तर ती जमिनीवर आखून भोवती दिग्दर्शक, स्मारक व वाट पाहणारे नट यांना बसता येईल अशी सु. १२ × १० मी. ची खोली लागते. खोली यापेक्षा लहान असल्यास नट आखूड पावले टाकण्यास शिकतात आणि प्रत्यक्ष रंगमंचावर आल्यावर त्यांच्या जागा चुकतात. छत किमान ४ मी. उंच असावे. नृत्याच्या तालमीसाठी जमिनीखाली लाकडी पट्ट्यांची स्थितिस्थापक बैठक घालून वर फळ्या बसवितात. थेट काँक्रीटवर घातलेल्या फरशीवर रोज तासन्‌तास पदन्यास केल्याने घोटे व गुडघे दुखावतात. भिंतीवरील आरशापुढे सरकता पडदा असावा, कारण नर्तकाला आरसा हवा असतो व नटाला तो विचलित करतो.

संगीतवर्गाच्या खोल्यांसंबंधी निराळी दक्षता घ्यावी लागते. लांबी, रुंदी व उंची समान असलेल्या लहान खोलीत काही विशिष्ट स्वर अकारण घुमतात. म्हणून तिन्ही मापे भिन्न ठेवणे व समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर जाड कापड, पुस्तकांची कपाटे किंवा सच्छिद्र तक्ते बसविणे उपयुक्त ठरते. तबला आणि तंबोरा यांचे वर्ग शेजारीशेजारी असतील, तर मधली भिंत छतापर्यंत भरीव हवी. केवळ खोट्या छतापर्यंत नेलेल्या भिंतीवरून ध्वनी सहज पलीकडे जातो. दाराखालची फट हीदेखील ध्वनीची वाटच असते. वाद्ये ठेवण्यासाठी कोरडी व कुलूपबंद कोठी हवी. कोकण व गोवा येथील पावसाळ्यात चामड्याची वाद्ये सैल पडतात व हार्मोनियमच्या भात्याला बुरशी लागते.

रंगपट व नेपथ्यकोठी : मराठी रंगभूमीवर रंगभूषेच्या खोलीस रंगपट म्हणतात. तो रंगमंचाच्याच पातळीवर असणे आवश्यक आहे. जिना चढून-उतरून प्रवेश गाठावा लागल्यास जड शालू नेसलेल्या किंवा पौराणिक वेशातील नटाला त्याचा जाच होतो. प्रत्येक व्यक्तीस ३ ते ४ चौ. मी. जागा, आरशाच्या दोन्ही बाजूंनी (केवळ वरून नव्हे) प्रकाश, हात धुण्याची कुंडी, कपडे टांगण्याचे दांडे व चालू प्रयोग ऐकविणारा ध्वनिक्षेपक या किमान गरजा आहेत. स्त्रियांचा रंगपट स्वतंत्र असावा व त्याला लागूनच स्वतंत्र स्वच्छतागृह असावे. या साध्या गोष्टीचा अभाव ही दौऱ्यावर जाणाऱ्या अभिनेत्रींची जुनी तक्रार असून ती वृत्तपत्रांतून वारंवार मांडली गेली आहे. ज्या भवनात शंभर मुलांचे नृत्याचे स्नेहसंमेलन होते, तेथे दोन लहान रंगपट पुरत नाहीत. अशा वेळी तालीमखोली तात्पुरता रंगपट म्हणून वापरता यावी, अशा बेताने ती रंगमंचाजवळ ठेवणे श्रेयस्कर.

मराठी नाट्यव्यवसायाची रीत लक्षात घेतल्यास नेपथ्यकोठीचे महत्त्व कळून येईल. नाट्यसंस्था एका बसमधून नट-तंत्रज्ञ व सामान घेऊन गावोगाव फिरते. शहरी नाट्यगृहांत सकाळ, दुपार व रात्र अशा सत्रांनुसार तारखा दिल्या जातात. दोन निराळ्या संस्थांचे प्रयोग लागोपाठ असल्यास एकीचे नेपथ्य उतरवून दुसरीचे चढविण्यास अवघे दीड-दोन तास मिळतात. सामान उतरविण्याचा दरवाजा किमान अडीच मी. रुंद व चार मी. उंच असावा, त्याची उंबरठ्याची पातळी वाहनाच्या पातळीशी जुळावी व तेथून रंगमंचापर्यंत एकही वळण वा पायरी नसावी. हा दरवाजा प्रेक्षकांच्या प्रवेशद्वाराकडे उघडणे ही अनेक भवनांत दिसणारी चूक आहे. तीमुळे तिकिटे घेऊन उभे असलेले प्रेक्षक आणि खांद्यावर चौकटी घेतलेले कामगार एकाच वाटेने जाऊ लागतात. रंगमंच-कामगारांसाठी विसाव्याची जागा तर आराखड्यात अभावानेच दाखविलेली असते.

लघुनाट्यगृह : दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेतील सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या संस्थेने अरविंद देशपांडे व सुलभा देशपांडे यांच्या पुढाकाराने नाट्यप्रयोग सुरू केले. पुढे जवळजवळ दीड तप हे सभागृह मराठी प्रायोगिक रंगभूमीचे केंद्र बनले. तेथे वातानुकूलन नव्हते, कायमचा रंगमंच नव्हता. परंतु भाडे माफक होते, प्रेक्षक जवळ होते व नवे नाटक फसले तरी संस्था बुडत नव्हती. लघुनाट्यगृहाचे प्रयोजन याहून वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. शंभर ते तीनशे आसने, काळ्या रंगाच्या भिंती, जागेवरून हलविता येणारी आसनपीठे आणि छताखाली कोठेही दिवा टांगता येईल असे नळ्यांचे जाळे, इतके त्यास पुरते. मुंबईतील पृथ्वी थिएटर (१९७८) सु. दोनशे आसनांचे असून त्यातील रंगमंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक बसतात. पृथ्वीच्या आवारातील उपाहारगृहही प्रयोगाइतकेच ख्यातनाम आहे.

कलादालन : बालगंधर्व रंगमंदिराच्या आवारात कलादालनाचा समावेश मुळापासूनच आहे. या रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतः बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली; उद्‌घाटन त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ या त्यांच्या जन्मदिनी झाले. वास्तूच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी बारकाईने लक्ष घातले होते. चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी काढलेली बालगंधर्वांची चित्रे तेथे लावलेली आहेत. त्यांत एकात ते स्वतःच्या पुरुषवेषात, तर दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत दिसतात.

कलादालनाला खिडक्यांपेक्षा सलग भिंती अधिक लागतात. चित्राचा मध्य जमिनीपासून सु. १·५ मी. उंचीवर यावा, असा संकेत आहे. जलरंग, कागद व वस्त्र यांवर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश दीर्घकाळ पडू नये, तैलचित्रे सु. २०० लक्स सहन करतात. चित्रे टांगण्यासाठी छताजवळ कायमची पट्टी बसविलेली असल्यास प्रत्येक प्रदर्शनाला भिंतीत नवे खिळे ठोकावे लागत नाहीत. दालनाला बाहेरून स्वतंत्र दार असावे. अन्यथा प्रयोग नसेल त्या दिवशी मुख्य दाराला कुलूप लागते व त्याबरोबर प्रदर्शनही बंद होते.

प्रवेशदालन व अनुषंगिक सोयी : मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचे असते व तेवढ्या अवधीत सर्व प्रेक्षक प्रवेशदालनात येतात. प्रत्येकी सु. अर्धा चौ. मी. जागा मिळाली, तरच बटाटेवडा व चहा हाती धरून उभे राहता येते. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने ही बाब गौण नव्हे. लंडन येथील रॉयल फेस्टिव्हल हॉलचे प्रवेशदालन १९८३ पासून, कार्यक्रम असो वा नसो, दिवसभर सर्वांना खुले ठेवण्याची प्रथा पाडण्यात आली. आपल्याकडे हीच जागा प्रयोगाव्यतिरिक्त कुलूपबंद असते. तेथे वाचनाची मेजे, कार्यक्रमांचे फलक व पिण्याचे पाणी एवढी सोय केली, तरी विद्यार्थी व वृद्ध यांना ती हक्काची बैठक होऊ शकते.

स्त्रियांच्या स्वच्छतागृहापुढील मध्यंतरातील रांग हा आराखड्यातील दोषाचा दृश्य पुरावा असतो. स्त्री-पुरुषांना समान क्षेत्र देणे म्हणजे समान सोय देणे नव्हे. स्त्रियांना अधिक वेळ लागतो व एका जागेत कमी पात्रे बसतात, म्हणून त्यांच्यासाठी पात्रांची संख्या पुरुषांच्या दुपटीच्या आसपास असावी लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानुसार सार्वजनिक वास्तू सर्वांना सुगम असणे बंधनकारक आहे. एक मी. चढण्यास बारा मी. लांब असा उतार, सु. ९० सेंमी. रुंदीची दारे व चाकांच्या खुर्चीसाठी रांगांमध्ये राखलेली जागा यांची तरतूद आता नव्या भवनांत दिसू लागली आहे. तथापि उतार प्रेक्षागृहापर्यंत येऊन थांबतो. रंगमंचावर व रंगपटात जाण्यास पायऱ्याच असतात. अपंग व्यक्ती प्रेक्षक असेल, कलावंत असणार नाही, हे जणू गृहीतच धरलेले असते.

सुरक्षितता : लाकूड, कापड, रंग, उष्ण दिवे व मोठा जमाव एकत्र येत असल्याने नाट्यगृहे आगीला विशेष बळी पडतात. शिकागो येथील इरोक्वाय थिएटरला ३० डिसेंबर १९०३ रोजी लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक लोक मृत्यू पावले. अग्निरोधक पडदा मध्येच अडकला आणि अनेक दारे बंद होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ जणांचा अंत झाला. आग वाहनतळातील रोहित्राला लागली होती. वरच्या सज्जातील लोक धुराने गुदमरले व जादा खुर्च्या बसविण्यासाठी तेथील एक वाट बुजविलेली होती. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. प्रयोग चालू नसल्याने जीवितहानी टळली. तथापि शतकाहून जुना रंगमंच व छत नष्ट झाले.

या दुर्घटनांतून निष्पन्न झालेले नियम साधे आहेत. दारे बाहेरच्या बाजूस, ढकलताच उघडणारी असावीत. प्रयोगकाळात त्यांना कुलूप नसावे. मार्गिकांत जादा खुर्च्या मांडू नयेत. जनित्र व रोहित्र प्रेक्षागृहाखाली ठेवू नयेत. विद्युत्‌ तारांची तपासणी ठराविक मुदतीने व्हावी. कोठी लहान पडली की, जुने नेपथ्य, मोडक्या खुर्च्या व फलक आपत्कालीन जिन्यात रचले जातात. पुरेशी कोठी ही अशा रीतीने सुरक्षिततेचीच बाब ठरते.

व्यवस्थापन व निगा : पणजी येथील कला अकादमीचे मांडवीकाठचे संकुल चार्ल्स कोरिया यांनी रचले असून ते १९८३ मध्ये पूर्ण झाले. दीनानाथ मंगेशकर कला मंदिर हे मुख्य प्रेक्षागृह, खुले रंगपीठ, लघुनाट्यगृह, कलादालन, संगीत, नृत्य व नाट्य यांचे वर्ग आणि नदीकडे तोंड असलेले उपाहारगृह हे सर्व तेथे एका लांब मांडवासारख्या छायेखाली गुंफलेले आहे. प्रेक्षागृहात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी रंगविलेले प्रेक्षक बसलेले दिसतात. रस्त्यावरून नदीकडे जाणारा कोणीही या वास्तूतून सहज जाऊ शकतो व जाता-जाता गायनाचा वर्ग ऐकू शकतो. वर्ग व प्रयोग एका छपराखाली असल्याने विद्यार्थी हाच तेथला नित्याचा प्रेक्षक झाला. नूतनीकरणासाठी हे संकुल २०२१ पासून बंद ठेवण्यात आले. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगपीठावरील छताचा भाग कोसळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये संकुल पुन्हा खुले झाले. परंतु कामाच्या दर्जाविषयी कलावंतांनी उपस्थित केलेले प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिले.

भवन बांधण्यासाठी एकरकमी निधी मिळविणे तुलनेने सोपे असते. छताची गळती, ध्वनियंत्रणेची दुरुस्ती, खुर्च्यांची गादी, सफाई कामगारांचे वेतन यांसाठी दरवर्षी लागणारी रक्कम अंदाजपत्रकात शेवटी येते. भाडे वाढविले, तर हौशी संस्था दुरावतात. न वाढविले, तर दुरुस्ती खोळंबते. यातून मार्ग काढण्यासाठी सत्रनिहाय व उपयोगनिहाय भिन्न दर आकारण्याची पद्धत उपयुक्त ठरते. समारंभ व व्यावसायिक प्रयोग यांना पूर्ण दर, हौशी प्रयोगांना सवलतीचा आणि तालमींना नाममात्र, अशी ती असावी. तारखांचे वाटप जाहीर सूचनेने व ठराविक दिवशी व्हावे आणि तालीमखोल्यांसाठीही अशीच स्वतंत्र नोंदवही ठेवावी. प्रकाश व ध्वनी यांच्या यंत्रणेसाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ कायम नेमलेला नसल्यास महाग उपकरणे प्रत्येक संस्थेच्या निरनिराळ्या हातांत जाऊन लवकर निकामी होतात. मग बाहेरगावची संस्था आपले दिवे आपणच घेऊन येते आणि भवनाचे दिवे कोठीत पडून राहतात.